कार्डावरून पैसे गेले तेव्हा पहिल्या तासात काय केलंत?

तिठा

धागा काढण्यास कारण की, गेल्या महिन्यात मीच पोळलो. पहाटे अडीचला तीन मेसेज आले होते, मी घोरत होतो. सहाला दुधाची पिशवी आत घेताना फोन बघितला. क्रेडिट कार्डावर आधी १ डॉलरची खरेदी, मग दोन मोठ्या. कार्ड पाकिटातच होतं, ओटीपी आलाच नव्हता. कित्येक परदेशी साइटना तो लागतच नाही. नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की झालं. तो १ डॉलर म्हणजे कार्ड चालू आहे का याची चाचणी.

ॲप उघडलं तर ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’चं बटण हिरवंगार. बँकॉकहून येऊन दोन वर्षं झाली, बंद करायचं राहिलं ते राहिलंच. आधी ते बंद केलं, मग कार्ड ब्लॉक, मग तक्रार क्रमांक घेतला आणि ईमेलही टाकला. बँकेतला पोरगा म्हणे, “सर, डिटेल्स तुमच्याकडूनच गेले असणार.” मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक पुढे केलं: चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं तेही बँकेनेच. नवव्या दिवशी तात्पुरते पैसे जमा झाले.

तुमचे अनुभव लिहा. शंका पहिल्यांदा कशाने आली, हे तर लिहाच. “एवढं शिकून फसलात कसे?” विचारणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

शेवंती

आमच्याकडे आई. सांगलीत असते, निवृत्त शिक्षिका. “मॅडम, रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपतायत” असा फोन, बोलणं अगदी अदबीचं. ओटीपीच्या मेसेजमध्येच ‘रु. ४८,५००’ लिहिलेलं होतं, पण चष्मा स्वयंपाकघरात. तिने फक्त सहा आकडे वाचून दाखवले.

पैसे गेल्याचं तिला लगेच कळलं होतं. तरी चाळीस मिनिटं गप्प बसली, कारण बाबा काय म्हणतील! शेवटी मला फोन केला तोही हळू आवाजात. मी पुण्याहूनच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावला, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर विचारला. पैसे पुढे ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये सरकलेत, तिथे ते अडवायला सांगतात. आमचे ३१,००० अडले, बाकीचे तोवर एटीएममधून काढले गेले होते. अडलेले हातात यायला कोर्टाचा आदेश लागला, सात महिने गेले. ओटीपी आपणच दिला असला की बँक हात वर करते. ती चाळीस मिनिटं मला अजून सलतात. आईला मात्र हे बोलून दाखवलेलं नाही.

चहाबाज

सोसायटीच्या ग्रुपवर ‘ट्रॅफिक चलन’ नावाची एपीके (म्हणजे थेट ॲप इन्स्टॉल करणारी) फाइल आली. मी आदल्याच दिवशी सिग्नल तोडलेला, त्यामुळे लगेच विश्वास! इन्स्टॉल केल्यावर तिने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तेव्हा ट्यूब पेटली. चलनाला माझे मेसेज कशाला हवेत? फोन एअरप्लेन मोडवर टाकला, बायकोच्या फोनवरून कार्ड आणि नेटबँकिंग बंद केलं. ग्रुपवर ती फाइल कुणी टाकली होती? आमच्या सेक्रेटरींच्या हॅक झालेल्या नंबरवरून!

परसदार

न्यू जर्सीत पेट्रोल पंपावर. बहुतेक मशीनमध्ये स्किमर, म्हणजे कार्डाची माहिती चोरणारं यंत्र, बसवलेला असावा. संध्याकाळी बँकेचा मेसेज, ‘ही खरेदी तुमचीच का?’ नाही म्हटलं, नवं कार्ड आलं, संपलं. तेव्हापासून पंपावर डेबिट कार्ड वापरत नाही. क्रेडिट कार्डावर भांडण बँकेच्या पैशांचं असतं, डेबिटवर आपल्या घरभाड्याचं.

जुना कॅशियर

बत्तीस वर्षं काउंटरवर होतो, म्हणून आगाऊपणा. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे ठगांनी आपले नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा फोन नंबर आत्ताच वहीत उतरवा, कार्ड हरवलं की तोही हरवतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही. आणि एकदा फसलेल्याला दुसरा फोन येतोच: “तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा.”

शेवंती

@जुना कॅशियर, आलाच की! आईला परवा, ‘सायबर सेल’मधून. ती म्हणाली, “थांबा हं, चष्मा आणते,” आणि फोन कुकरशेजारी ठेवून दिला. तिसऱ्या शिट्टीपर्यंत तो हॅलो हॅलो करत होता.