मोठ्या माणसाच्या एडीएचडीसाठी मराठवाड्यात कुठं दाखवावं?

सेलूची_सून:
नमस्कार. लेकाला (वय ८) एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा त्रास, निघाला. डॉक्टर बाई लक्षणं सांगायल्या तसं मी ह्यांच्याकडंच बघत होते. ह्यांचं वय ३६, मोंढ्यात आडतीवर हिशेबाला आहेत. तोंडी हिशेब एकदम पक्का. पण पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा लेखी हिशेब) लिहिताना फोन आला की पट्टी अर्धीच राहते, हमाली-तोलाई कापायची राहून जाते, शेतकरी ताटकळत बसतो. सासूबाई म्हणतात शाळेपासून असंच. लोक 'बेफिकीर' म्हणून मोकळे होतात, मला ते सहन होत नाही. पुण्यालाच न्यावं लागेल का? ऑनलाइन डॉक्टर चालतील? गोळ्यांची सवय लागते का?

गोदाकाठ:
ताई, पुण्याची घाई नको. तुमच्या रेल्वे लाईनवरच दोन्हीकडं सोय आहे. संभाजीनगरला घाटीचा सरकारी दवाखाना, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय मेडिकल कॉलेज. मनोविकार विभागात दाखवा. माझ्या भावाचं निदानही नोकरीला लागल्यावरच झालं, त्यामुळं वय निघून गेलं असं मनात आणू नका.

जाताना सासूबाईंना न्याच. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हे मोठ्यांच्या निदानात मुद्दाम विचारतात. जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर फार उत्तम, गुरुजींचे शेरे कामाला येतात. थायरॉईड, झोप, नैराश्य हेही बघतील, कारण त्यानंही लक्ष उडतं.

ऑनलाइन समुपदेशन चालेल. एडीएचडीची गोळी मिथाइलफेनिडेट मात्र शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियमांतलं औषध आहे, २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनी ते ऑनलाइन लिहून देता येत नाही. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक मेडिकलवाला ठेवून घेतो. ते विकायला परवानाही वेगळा, म्हणून प्रत्येक दुकानात मिळत नाही. ओपीडीतून निघायच्या आधीच विचारा की कुठं मिळेल. भावासाठी आम्ही चिठ्ठी घेऊन दुकानोदुकान फिरलो, तुम्हाला ते नको.

सवयीचं म्हणाल तर, डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत आणि त्यांच्या नजरेखाली घेतलं तर सहसा लागत नाही. पण बीपी, नाडी, भूक, झोप बघत राहावं लागतं. अ‍ॅटोमॉक्सेटिन ह्या दुसऱ्या औषधाला सवयीची भीती नाही, फक्त पूर्ण गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. मधेच 'फरकच नाही' म्हणून सोडू देऊ नका.

अंबाजोगाईकर:
औषधाच्या जोडीला सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) विचारा. गोळीनं मन थाऱ्यावर येतं, पण कामाची घडी बसवायला शिकावं लागतं. मला स्वतःला दोन्ही लागलं. पट्टी पुरी होईस्तोवर फोन दिवाणजींकडं द्यायचा, एवढं मालकाशी बोलून ठरवा. आमच्या स्वामी रामानंद तीर्थ कॉलेजातही मानसोपचार विभाग आहे. आणि आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.

सेलूची_सून:
खूप आधार वाटला. पण हे म्हणायलेत, 'मी काय येडा आहे का?' कसं न्यावं?

गोदाकाठ:
लेकाच्या पुढच्या तारखेला दोघं जा आणि ह्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा. एडीएचडी घराण्यात चालतो, लेकराच्या निदानानंतर बापाचं कळणं त्यांनी पुष्कळदा पाहिलं असेल. बायकोनं सांगितलेलं टोचतं, डॉक्टरांचं ऐकतील. तिथूनच घाटीसाठी चिठ्ठी लिहून घ्या.