मदत हवी आहे: निम्मे केस पिशवीत, निम्मे डोक्यावर. विगसाठी द्यायचे कसे? (कोल्हापूर)

लवंगी_मिरची:

मंडळी, घाईत लिहितेय. यातलं कुणाला माहीत असेल तर आजच सांगा. तीन दिवस झाले, मी अंबाडा सोडलेला नाही. का सोडता येत नाही ते वाचाच.

माझे केस कमरेपर्यंत, मोजले तर २६ इंच. गेल्या वर्षी मावशीच्या केमोसाठी गोकुळ शिरगावला जाणं-येणं होतं. मावशीनं स्वतः विग घातला नाही. "मला टोपरं बरं, त्यात वारं लागतं" म्हणाली. पण तिथं बाकावर बारावीतली एक पोरगी असायची, बापाची टोपी कानापर्यंत ओढून बसलेली. ती टोपी काही डोक्यातून जाईना. तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वर्षी केस द्यायचे.

तर परवा पार्लरला गेले. (नाव विचारू नका, गल्लीतलंच आहे, रोज तोंड दिसतं.) आधीच सांगितलं होतं की केस दान करायचेत, १४ इंच कापा. ती हो हो म्हणाली, केसांवर फसाफसा पाणी मारलं, विंचरले आणि उजवीकडनं बट-बट धरून मोकळेच कापत सुटली. मी मोबाइलमध्ये. मान वर केली तेव्हा आरशात उजवी बाजू खांद्यावर आणि केस फरशीवर! ओरडले तेव्हा कुठं थांबली. मग झाडूनं गोळा करून कॅरीबॅगेत भरून दिले वर "घ्या की, हेच द्यायचे होते न्हवं?"

आता उजवे निम्मे पिशवीत आहेत आणि डावे निम्मे अजून डोक्यावर, कमरेपर्यंत. सोडले तर अर्धनारीनटेश्वर.

पिशवीतल्या केसांचं काही होतं का? डोक्यावरचे राहिलेत ते निम्मेच, एवढी बारीक शेपटी कुणी घेईल का? दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी दर महिन्याला मेंदी लावायचे, आता बंद आहे, ते चालतं का? आणि कोल्हापुरातून पाठवायचे कुठं?

अजून एक. सासूबाई. पिशवी खिळ्याला अडकवलेली बघून त्या म्हणाल्या, "कापलेलं केस घरात ठेवायचं न्हाईत. कुणाच्या हाताला लागलं तर करणी करत्यात. मी सांगतो तुला, पंचगंगेत सोडून ये." भांडायचं नाहीये मला. पण नदीत तर नक्कीच सोडणार नाही.

पेठकरी:

पहिल्यांदा हसून घेतलं, माफ करा ताई. पार्लरवालीला काय बोललात का नाही?

लवंगी_मिरची:

बोलले. पैसे घेतले नाहीत तिनं. एवढंच.

दुधकट्टा:

ताई, माझ्या आजोळी केसांचा धंदा होता. डोक्यावर पाटी घेऊन केसांवर भांडी देत फिरणाऱ्या बायका आठवतात ना, त्यांच्याकडनं फणीतले गुंतवळ विकत घ्यायचे. त्यामुळं पिशवीचं उत्तर मी देतो.

केसाला मूळ आणि टोक असतं, आणि अंगावर खवले असतात. माशासारखे, सगळ्यांचं तोंड टोकाकडं. डोक्यावर सगळे केस एकाच दिशेला असतात म्हणून हात सरळ फिरतो. तुमच्या पिशवीत निम्मे उलटे, निम्मे सुलटे झालेत. तसेच विगात घातले तर खवल्यात खवला अडकतो आणि दोन धुण्यांत जटा होतात. म्हणून विगवाले बांधून कापलेलेच केस मागतात.

एक केस घ्या, अंगठा आणि तर्जनीत धरून लांबीच्या दिशेनं मागंपुढं चोळा. तो आपोआप एका बाजूला सरकेल. ज्या बाजूला सरकतो ते मूळ. आजोळी बायका असेच गुंते सोडवून, मूळ-टोक लावून जुड्या बांधायच्या. पण त्यांचा दिवस त्यातच जायचा आणि मजुरी काय मिळायची ते न बोललेलं बरं. तुम्ही नाद करू नका. त्यात तुमचे ओले भरलेत पिशवीत. बघा वास येतोय का.

लवंगी_मिरची:

दादा, येतोय! कुबट. आणि ते चोळायचं खरंच होतं हो, केस गांडुळासारखा सरकला. पोरं तासभर तेच करत बसली.

सिस्टरबाई:

कॅन्सर वॉर्डात काम करते, म्हणून थोडं लिहिते.

डावी शेपटी बारीक आहे म्हणून अडत नाही. एका माणसाच्या केसांत विग होतच नाही. साधारण सहा ते दहा जणांचे केस जुळवून एक होतो. लांबी मात्र बघतात. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी कमीत कमी १२ इंच सांगतात. विगाच्या जाळीवर केस दुमडून गाठ मारतात, त्यात लांबी खाल्ली जाते, मग वरनं कापून आकार देतात. १२ इंचांचे दिले तरी विग त्याहून आखूडच होतो. आणि मोजताना सगळ्यात लांब केस धरू नका. रबरापासून शेपटीचा मुख्य झुबका संपतो तिथपर्यंत धरा, निमुळतं टोक सोडून.

आता मेंदी. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, वर्षाला सहा. दोन वर्षं मेंदी बंद म्हणजे मुळाकडचे १२ इंच कोरे. तुमचे २६, कापणार खालचे १४. म्हणजे ताई, जे देणार ते सगळेच मेंदीतले!

लवंगी_मिरची:

अगं बाई. हा हिशेब माझ्या डोक्यातच आला नाही. मी समजत होते दोन वर्षांत सगळी निघून गेली असेल.

सिस्टरबाई:

मुळाकडनं नवा केस येतो, जुना रंग खाली सरकतो, एवढंच. पण घाबरू नका. पानाची वाटलेली मेंदी होती की पाकिटातली काळी? काळ्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडी नावाचा हेअर डायमधलाच रंग मिसळलेला असतो. ब्लीच केलेले, स्ट्रेटनिंग केलेले केस बऱ्याच संस्था नाकारतात. मेंदीबद्दल लपवू नका, आधीच विचारा. पुढं विगाला रंग द्यायची वेळ आली तर त्यांना कळायला हवं.

लवंगी_मिरची:

पानाचीच. सासूबाई पाट्यावर वाटायच्या. (बघा, मेंदी त्यांची आणि केस करणीचे.)

अबोलीचा_गजरा:

मी सहा वर्षांपूर्वी केमो घेतली. कौतुकाच्या धाग्यात खडा टाकतेय असं वाटेल, पण लिहितेच.

पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. उशीवर, न्हाणीत, आमटीत. सगळ्याच औषधांनी जात नाहीत, हेही खरं. माझ्याबरोबरच्या एकीचे नुसते विरळ झाले. माझे पापण्यांसकट गेले. मुलीनं विग आणला, अस्सल केसांचा. मी तो मोजून चार वेळा घातला: दोन लग्नं, एक बारसं आणि बँकेतलं केवायसी. चैत्रातल्या उन्हात विग घालून महाद्वार रोडला चालून बघा, मग कळेल. बाकी सगळा काळ सुती ओढणी.

पण ती चार वेळा कुणी माझ्याकडं वळून बघितलं नाही, आणि तेवढ्यासाठी तो हवा होता.

तिकडं सिंथेटिक विगही मिळतात. हलके आणि स्वस्त. पण भाकऱ्या करताना जाळापाशी वाकलं की पुढचे केस आखडतात, चरचरतात. अस्सल केसांचा विग तेवढा नाजूक नसतो. केस देणाऱ्या पोरींना मी एवढंच म्हणते, जमलं तर सोबत थोडे पैसेही द्या. केस फुकट येतात, पण गाठी मारणारीचे हात फुकट नसतात. एकेक केस जाळीत ओवायचा म्हणजे कितीतरी दिवसांचं काम आहे ते.

लवंगी_मिरची:

ताई, खडा नाही, बरं झालं लिहिलंत. मावशीही हेच म्हणायची, मला वाटायचं ती पैसे वाचवतेय.

सिस्टरबाई:

अबोलीताईंच्या बोलण्यात एक भर. कुणाच्या घरात केमो सुरू होणार असेल आणि विग घ्यायचा विचार असेल, तर केस जायच्या आधीच फोटो काढून ठेवा आणि एक बट कापून ठेवा. नंतर रंग जुळवायला तीच लागते. औषधं संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत केस परत दिसायला लागतात, कधीकधी कुरळे येतात.

पेठकरी:

पाठवायचं कुठं ते कुणी सांगतंय का, की नुसती शाळाच?

तांबडा_पांढरा:

मी पाठवलेत. मुंबईत मदत चॅरिटेबल ट्रस्टचं कोप विथ कॅन्सर म्हणून काम आहे, ते केस घेतात. चेन्नईत चेरियन फाउंडेशन आहे. मी मुंबईला पाठवले. पाठवायच्या आधी त्यांच्या साइटवर अटी वाचा, फॉर्म भरा आणि मेंदीचं विचारून घ्या. बहिणीनं अमेरिकेतल्या लॉक्स ऑफ लव्हचं सुचवलं होतं. त्यांना १० इंच चालतात, मुलांसाठी विग करतात. पण इथल्या शेपटीला विमानात बसवायचं कशाला.

कापायचं असं: आदल्या दिवशी शाम्पूनं धुवा, तेलाचा थेंब नको. पूर्ण वाळू द्या, अगदी मुळापर्यंत. ओले कापले की काय होतं ते तुमच्या पिशवीनं सांगितलंच आहे. मग दोन-तीन वेण्या किंवा शेपट्या करा. जिथं कापायचं तिथं घट्ट रबर, मग दर तीन-चार बोटांवर एकेक रबर, आणि टोकाला एक. कात्री वरच्या रबराच्या वर, डोक्याच्या बाजूला. रबर शेपटीबरोबर गेलं पाहिजे. जमिनीवर एक केस पडता कामा नये. झिपच्या पिशवीत सरळ ठेवा, केसांना चिकटपट्टी लावायची नाही.

आणि परत त्या पार्लरला जाऊ नका!

लवंगी_मिरची:

नाही जात. नणंदेला बोलावलंय, तिला पोरांचे केस कापायचा सराव आहे. प्रश्न उरला सासूबाईंचा आणि पिशवीचा. शुक्रवारी कापायचं म्हटलं तर "अंबाबाईचा वार, कात्री लावायची न्हाई". शनिवारीही नाही. सोमवारी त्यांचा उपास.

दुधकट्टा:

बुधवार मोकळा दिसतोय.

पिशवीचं म्हणाल तर केस म्हणजे नत्र. कुजायला वेळ घेतात, पण झाडाला लागू पडतात. बारीक तुकडे करून कुंडीत मातीखाली पुरा. सासूबाईंना सांगा, पुरून टाकले. कुणाच्या हाताला लागायचा प्रश्नच मिटला.

लवंगी_मिरची (आठ दिवसांनी):

धागा वर काढतेय.

पिशवीतले केस परसातल्या जास्वंदीखाली पुरले. सासूबाई स्वतः उभ्या होत्या, "खोल घे, कुत्री उकरतील" म्हणत. नदीचा विषय बंद. विगसाठी केस देण्याला मात्र त्यांचा अजूनही विरोध आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर आपलं केस, हे त्यांना पटत नाही. मी पटवत बसले नाही.

मुंबईला मेल टाकून मेंदीचं सांगितलं. पानाची असेल तर पाठवा, असं उत्तर आलं. बुधवारी दुपारी नणंदेनं डाव्या बाजूच्या दोन शेपट्या बांधल्या, रबरं लावली, पट्टी ठेवून मोजलं: एक १३ इंच, दुसरी साडेतेरा. कात्री घरातली, कापडाची. केस कापताना कोथिंबिरीची जुडी चिरल्यासारखा आवाज येतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग उजवी-डावी सारखी करून घेतली. अंबाडा सुटला एकदाचा.

पोस्टात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, आत काय? केस, म्हटलं. त्यानं पाकीट हलवून बघितलं, मग माझ्या डोक्याकडं बघितलं आणि काही न बोलता वजन केलं. स्पीड पोस्टानं गेलं. अबोलीताई, थोडे पैसेही वेगळे पाठवलेत.

अबोलीचा_गजरा:

शाब्बास. मान हलकी वाटतेय का?

लवंगी_मिरची:

न्हाताना जाणवतं. हात सवयीनं कमरेपर्यंत जातो आणि रिकामा परत येतो.

नवा_आयडी:

माझा मुलगा १४ वर्षांचा. याच कारणासाठी दोन वर्षं केस वाढवतोय. सध्या ११ इंच. शाळेत रोज बोलणी खातोय आणि आता घरातले आजोबाही सुरू झालेत. मुलग्यांचे घेतात का?

दुधकट्टा:

घ्यायला काय झालं? केस मुलाचा की मुलीचा, विगाला काय कळतंय. ११ आहेत तर अजून तीन-चार महिने काढा, १२ च्या वर निमुळत्या टोकाला जरा वाव राहू दे. आजोबांना दोन महिने गावाला पाठवा.