प्रवासाला न्यायचं घड्याळ सुचवा (बजेट ५ हजार, डबीत चौथी जागा रिकामी)

ऐरोलीचा_लंबक:
मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे तीन घड्याळं आहेत, आलटून पालटून वापरतो. बाबांचं एचएमटी जनता (रोज सकाळी चावी), ऑफिसला स्टीलच्या पट्ट्याचं टायटन आणि एक जुनं सायको ५ (हाताच्या हालचालीवर चालणारं). आता कामासाठी दर दीड-दोन महिन्यांनी दुबई नाहीतर सिंगापूर, चार-पाच दिवस. शिवाय गणपती आणि शिमग्याला गुहागरकडे गावी.

मागच्या खेपेला टायटन नेलं. तपासणीच्या ट्रेमध्ये काढून ठेवलं आणि माझाच लॅपटॉप त्यावर सरकला. पट्ट्याच्या लॉकवर नखाएवढा ओरखडा, उजेडात धरला की अजून टोचतो. जनता न्यायची छाती होत नाही. २०१६ मध्ये कारखान्यालाच कुलूप लागलं, आणि तसलं दुसरं मिळालं तरी ते बाबांचं थोडंच असणार? सायको दोन दिवस हातावर नसलं की झोपतं. आत ७एस२६ मशीन, म्हणजे चावी देऊन उठवायचीही सोय नाही, हलवत बसा.

तर हवं काय: तिथली आणि घरची, दोन्ही वेळा दिसाव्यात. हॉटेलात पोहताना काढायला लागू नये. हरवलं तर हळहळ एका दिवसात संपावी. मनात चौथ्या काट्याचं जीएमटी आहे (तो काटा दुसऱ्या ठिकाणची वेळ दाखवतो), पण ५ हजारांत बसेल का? बायकोने डबीतली रिकामी जागा दाखवून बजावलंय, हे शेवटचं.

कोपरीकर:
कॅसिओचं डिजिटल, एई-१२००. विषय संपला.

तळ्याकाठी:
फोनवर दोन्ही वेळा दिसतात की. घड्याळ कशाला?

ऐरोलीचा_लंबक:
@तळ्याकाठी, मीटिंगमध्ये फोन काढला की समोरच्याला वाटतं याचं लक्ष नाही. बाकी कशाला हा प्रश्न या धाग्यावर विचारायचा नसतो :)

सीवूड्सवाली:
जीएमटीच्या नादाला लागण्याआधी एक गोष्ट बघा. मी सीबीडीला शिपिंगच्या ऑफिसात आहे, दिवसभर कुठल्या ना कुठल्या बंदराची वेळ लावण्यातच जातो. चौथा काटा लावताना एक-एक तासाच्या उडीने सरकतो. आपली वेळ साडेपाच तासांची! दुबईत रात्रीचे ९ वाजलेत, म्हणजे घरी साडेदहा. पण दुबईच्या ठोक्याला तो काटा एकतर २२ वर असणार नाहीतर २३ वर, मध्ये थांबायचा नाही. २२ वर लावा आणि अर्धा तास मनात मिळवा. सिंगापूरला अडीच तास, तिथेही तेच. काहींची २४ तासांची कड (तबकडीभोवतीचं कडं) खटक्यांशिवाय फिरते, ती अर्ध्या खुणेने सरकवता येते. पण सायकोचं ५ मालिकेतलं जीएमटी (२०२२ चं) तुमच्या बजेटच्या कितीतरी पट आहे. एवढे पैसे मोजून वर पाढे कशाला म्हणायचे?

डिजिटलला अर्ध्या तासाचं सोयरसुतक नाही. एई-१२०० मध्ये ४८ शहरं आहेत, दिल्ली आहे, पाऊण तासवालं काठमांडूही आहे. घर दिल्ली ठेवा, दुसरं दुबई. तिथे पोहोचलात की घरच दुबई करा, वेळ आपोआप बदलते. फक्त लंडनला गेलात तर मार्च ते ऑक्टोबर उन्हाळी वेळ हाताने चालू करावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

कोपरीकर:
मी एका ओळीत सांगितलं होतं, ताईंनी पुरावा दिला. १०० मीटर पाणी, सेल १० वर्षं, पाच गजर.

कासारवडवली_सिग्नल:
मी काट्यांचा माणूस, म्हणून दुसरी बाजू मांडतो. डायव्हिंगच्या घड्याळाची फिरती कड घ्या, १२० खटक्यांची. कडेवरचा त्रिकोण बारावरून उलटा १५ खटके फिरवा, म्हणजे तो साडेदहाच्या जागी येतो. आता तास काटा तबकडीवर दुबई दाखवतो आणि कडेवर घर. ६० खटक्यांची कड असेल तर अर्धा खटका अडतो, दुकानात मोजून घ्या. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये मोजायला भरपूर वेळ मिळतो, मी तिथेच शिकलो.

आणि फुकटातली गंमत: हिवाळ्यात लंडनची वेळ हवी तर काट्याचं घड्याळ उलटं धरा. इथे ३ वाजले असतील तर उलट्या तबकडीत साडेनऊ दिसतात. साडेपाच तासांचा एवढा तरी फायदा.

ऐरोलीचा_लंबक:
हे आत्ता जनतावर करून बघितलं. ऑफिसात शेजारचा माझ्याकडे बघतोय.

सिंगापूरसाठी कितीदा फिरवायची?

कासारवडवली_सिग्नल:
कड एकाच बाजूला फिरते, त्यामुळे ९५ खटके. हो, मला माहितीय.

सीवूड्सवाली:
😄 म्हणून म्हणते डिजिटल.

गावदेवी_जुना:
स्वस्तच हवं तर एफ-९१डब्ल्यू आहेच. १९८९ पासून तसंच, २१ ग्रॅम, हातावर असल्याचं कळत नाही. पण त्यात दुसरी वेळ नाही आणि पाणी ३० मीटर म्हणजे हात धुण्यापुरतं, पोहायला नको. तुम्हाला चालणार नाही, पुतण्याला घेऊन द्या.

एक सूचना. या दोन्ही मॉडेलच्या नकला फार. मी एकदा स्टेशनबाहेर निम्म्या किमतीत घेतलं, पहिल्याच पावसात काचेच्या आत वाफ धरली. एफ-९१ चं उजवं बटण तीन सेकंद दाबलं की पडद्यावर कॅसिओ उमटतं म्हणतात, पण हल्ली नकलाही शहाण्या झाल्यात. अधिकृत दुकान, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, पक्कं बिल.

आणि एई-१२०० आधी हातावर घालून बघा. पडद्यावर नकाशा, छोटी गोल तबकडी, तारीख, सगळं दाटीवाटीने आहे. माझी चाळिशी उलटलीय, मला चष्मा लागतो.

ऐरोलीचा_लंबक:
मंडळी, अपडेट. शनिवारी वाशीला जाऊन दोन्ही प्रकार हातावर घातले. कडवाल्या घड्याळाचे खटके काउंटरवर मोजायला लागलो तर दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, मोजताय काय?" एकतिसाव्याला सोडून दिलं. एई-१२०० घेतलं, रबरी पट्टा, बजेटमध्ये. घर दिल्ली, दुसरं दुबई. लेकीने काठमांडू लावून पंधरा मिनिटांचा फरक सगळ्या घराला दाखवून झाला.

आता एकच. दर तासाला टीक-टीक वाजतंय, काल रात्री १२ ला बायको उठली. बंद कसं करायचं?

कोपरीकर:
गजराच्या पानावर जा, पाच गजर ओलांडले की एसआयजी येतं. ते बंद करा. आजच करा.