शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी वाटतेय, दाखवायचं कोणाला? (सातारा/पुणे)

मुलगी ३ वर्षांची. दोनदा साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर १५ मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या. दम लागला नाही, उलटी नाही. साबुदाण्याची खीर, बटाटा, तूप सगळं चालतं, म्हणून संशय दाण्याच्या कुटावर. कूट आता बंदच आहे.

बालरोगतज्ज्ञांनी सेट्रिझिन (अ‍ॅलर्जी दाबणारं औषध) दिलं, त्वचारोगतज्ज्ञांनी मलम. रक्तातलं एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढलेलं आलं, पण त्यावरून नेमकी कशाची अ‍ॅलर्जी ते कळत नाही. लॅबवाला शंभर पदार्थांचं पॅकेज गळ्यात मारतोय, ते नको.

आम्ही साताऱ्यात, पुण्याला शनिवारीच जमेल. इतक्या लहान मुलांची स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर हलकं टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची तपासणी) स्वतः करणारे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ पुण्यात कोणी अनुभवाने सुचवाल का? आणि टेस्टआधी सेट्रिझिन किती दिवस बंद ठेवायला सांगितलं होतं तुम्हाला?