फॉक्सप्रोतली पतसंस्था नव्या सॉफ्टवेअरवर नेताना 2,638 व्यवहार कमी येतात, पुढे काय?

किर्द_खतावणी (प्रश्न)

ग्रामीण पतसंस्थेचं डॉस फॉक्सप्रो 2.6 (जुनी डेटाबेस प्रणाली) मधलं पॅकेज बंद करायचं आहे. विंडोज 98 ची चार मशीन, चारहींत जिस्ट कार्ड (डॉसवर मराठी दाखवणारं), सभासदांची नावं मराठीत. कार्ड बसेल असा मदरबोर्ड आता मिळत नाही, म्हणून निर्णय झाला. नवं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतं आणि चाचणीसाठी एकदा डेटा ओढून झाला आहे. अडचणी अशा:

1) व्यवहारांच्या डीबीएफ फायलीचा (फॉक्सप्रोची डेटा-फाईल) आकार 12,16,16,322 बाइट आहे आणि जुन्या पॅकेजात रेककाउंट() (ओळींची संख्या) 19,00,250 दाखवतं. नव्यात 18,97,612 ओळीच आल्या.

2) बचत खात्यांच्या व्याजात 2-3 पैशांचा फरक पडतो, काही मोठ्या कर्जखात्यांतही पैसे जुळत नाहीत.

3) बरीच नावं बरोबर आली, पण 'कुऱ्हाडे'चं 'कुर्हाडे' झालं. 'ॲड.' लिहून शोधलं तर जुनी नोंद सापडत नाही.

4) बदल 1 एप्रिलला करावा, असं संचालक म्हणतात. योग्य आहे का?

डीबीएफ_जुनाट

आधी फाईल शाबूत आहे का ते बघू. फॉक्सप्रो 2.x चं हेडर (फाईलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) म्हणजे 32 बाइट, अधिक दर फील्डला (रकान्याला) 32, अधिक 1. तुमची 9 फील्ड आणि 64 बाइटची ओळ धरली तर 321 + (19,00,250 × 64) + शेवटचा फाईल-समाप्तीचा 1 बाइट = 12,16,16,322. बरोबर तुमचाच आकडा. म्हणजे फाईल मधेच तुटलेली नाही. फील्डची संख्या वेगळी असेल तर हेच गणित तुमच्या आकड्यांनी करा. हेडरचा 8-9 वा बाइट हेडरची लांबी सांगतो, 10-11 वा ओळीची. बाइट शून्यापासून मोजायचे. कॉपी घेताना चारही मशीनवरून पॅकेज बंद हवं. नाहीतर हेडरमधला ओळींचा आकडा मागे राहतो आणि शेवटच्या काही नोंदी नव्या बाजूला पोचतच नाहीत.

2,638 चा फरक बहुधा डिलीट केलेल्या नोंदींचा आहे. फॉक्सप्रोत डिलीट म्हणजे पुसणं नव्हे. ओळीच्या पहिल्या बाइटमध्ये स्पेसऐवजी तारा पडतो आणि पॅक (अशा ओळी खरोखर काढणारी आज्ञा) चालवेपर्यंत ओळ जागेवरच असते. रेककाउंट() ताऱ्याच्या ओळीही मोजतं. तपासायला 'सेट डिलीटेड ऑफ' करून 'काउंट फॉर डिलीटेड()' चालवा.

आकडा जुळला म्हणून थांबू नका. दर खात्यावर सुरुवातीची बाकी अधिक जमा वजा नावे करा आणि खाते फायलीतल्या बाकीशी ताडा. एकदा ताऱ्याच्या ओळी वगळून, एकदा धरून. वगळून जुळलं तर ठीक. एखादं खातं त्या ओळी धरूनच जुळत असेल, तर कुणीतरी व्यवहार डिलीट केला पण बाकी उलटवली नाही. ती नोंद ऑडिटरसमोर जायला हवी. ताऱ्याच्या सगळ्या ओळी नव्या डेटाबेसमध्ये वेगळ्या टेबलात ठेवा, फेकू नका. पायथनची डीबीएफरीड लायब्ररी त्या वेगळ्या देते.

पैपैचा_हिशेब

व्याजाबद्दल. जुना प्रोग्राम दरमहा व्याज काढून दोन दशांशांच्या फील्डमध्ये टाकतो, म्हणजे महिन्याला एकदा पूर्णांकन होतं. नवा बहुधा सहा महिन्यांचं एकदम काढतो. 8,347 रुपये, 4 टक्के दर. महिन्याचे 27.8233. दरमहा 27.82 टाकले तर सहा महिन्यांत 166.92, एकदम काढले तर 166.94. हे झाले तुमचे 2 पैसे. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. मागचं व्याज नव्या सॉफ्टवेअरकडून पुन्हा काढून घेऊ नका. छापील पासबुकात जे आहे तेच आणा आणि नवा नियम बदलाच्या तारखेपासून पुढे लावा. नव्यात रक्कम न्यूमेरिक (अचूक दशांश) प्रकारात आहे ना तेही विचारा. पोस्टग्रेसचं राउंड() न्यूमेरिकला अर्धा पैसा वर नेतं, पण डबल प्रिसिजनला (अंदाजे दशांश) ते बहुतेक ठिकाणी जवळच्या सम आकड्याकडे वळतं.

मोठ्या कर्जखात्यांचं दुखणं वेगळं आहे. रकमेचं फील्ड 9 रुंदीचं, 2 दशांशांचं असेल तर त्यात 9,99,999.99 पर्यंतच नीट मावतं. त्यावर गेलं की फॉक्सप्रो दशांशाची जागा खातं. 12,34,567.85 ची नोंद 1234567.9 अशी बसते आणि पाच पैसे वाढतात. दहा लाखांवरच्या सगळ्या नोंदी काढून व्हाउचरशी ताडा, फार नसतील.

आणखी एक. जुन्या पॅकेजचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. 'सेट एक्झॅक्ट ऑफ' असताना खाते क्रमांक अक्षर-फील्डमध्ये असेल तर '101' शोधल्यावर 1012 आणि 10157 सुद्धा जुळतात, कारण तुलना उजव्या बाजूच्या लांबीइतकीच होते. कुठल्या तरी उपखात्याची बेरीज वर्षानुवर्षं थोडी फुगलेली निघू शकते. तसंच युनिक इंडेक्स. फॉक्सप्रोत तो दुहेरी क्रमांक अडवत नाही, फक्त दुसरी ओळ दाखवत नाही. पोस्टग्रेसची युनिक अट लावली की असे सगळे क्रमांक आपटतात. हे शेवटच्या रात्री नव्हे, आत्ताच कळायला हवं.

मुदत ठेवींत तारखा बघा. वर्ष दोनच आकडी ठेवून (सेट सेंच्युरी ऑफ) '31/12/30' टाइप केलं असेल तर ते 1930 म्हणून साठलं असेल. मुदतपूर्तीची तारीख ठेवीच्या तारखेआधी येते अशा ओळी काढा. एका क्वेरीचं काम आहे.

अक्षरजुळारी

तिसरा मुद्दा माझ्या आवडीचा.

जिस्ट कार्डवरचा डॉसचा डेटा साधारणपणे इस्कीत असतो (भारतीय लिप्यांचा जुना संगणकीय कोड, आयएस 13194, 1991). खात्रीसाठी एखादं 'शिंदे' हेक्समध्ये (बाइटचे सोळाच्या पद्धतीतले आकडे) उघडा. डी5 डीबी ए2 सी4 ई1 दिसलं तर इस्की. यात ऱ्हस्व वेलांटी 'श'च्या नंतर येते, म्हणजे साठवण उच्चाराच्या क्रमाने आहे. वेलांटी आधी दिसली तर तो फॉन्टच्या तुकड्यांचा कोड आहे आणि त्याला वेगळा तक्ता लागतो.

रूपांतर करणाऱ्याने बहुधा स्वतःचा तक्ता लिहिला आणि ई9 गाळला. इस्कीत ई8 म्हणजे हलन्त आणि ई9 म्हणजे नुक्ता. पण ई8 नंतर लगेच ई9 आला तर तो नुक्ता नसतो, 'मऊ हलन्त' असतो. ऑपरेटरने 'कुऱ्हाडे' असं टाइप केलं असणार: र, ई8, ई9, ह. ई9 गाळला की उरतो र् + ह, आणि डोक्यावर रफार चढतो. दुसऱ्या ऑपरेटरने शिफ्ट-जे दाबून सरळ ऱ टाकला असेल तर ते नाव बरोबर आलं असेल. म्हणून काही बरोबर, काही चूक.

उपाय: आयसीयूचं यूकॉन्व्ह (अक्षरांचा कोड बदलणारा प्रोग्राम) वापरा, स्रोत 'आयएससीआयआय,व्हर्जन=0' द्या. साध्या आयकॉन्व्हला इस्की येत नाही. डीबीएफ फाईल मात्र थेट त्यातून काढू नका, लांबी बदलते आणि ओळी सरकतात. आधी लॅटिन-1 समजून सीएसव्ही काढा, म्हणजे बाइट जसेच्या तसे राहतात, मग ते रूपांतरित करा. त्यानंतर 'र + हलन्त + झेडडब्ल्यूजे (न दिसणारा जोड-वर्ण)' जिथे असेल तिथे 'ऱ + हलन्त' करा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र ते वेगळे शब्द ठरतात.

'ॲ'चंही तसंच. इस्कीत एई या बाइटला ऍ आहे. मराठीचा ॲ युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 आवृत्तीत आला. डेटात ऍ पडला आहे आणि आजचा कीबोर्ड ॲ देतो. सगळे ऍ बदलून ॲ करा.

लांब नावं हाताने पाहावी लागतील. 30 बाइटच्या फील्डमध्ये नाव जोडाक्षरातच कापलं गेलं असेल तर शेवट हलन्तावर होतो, पण ते दुसऱ्या अक्षरावरही कापलं जाऊ शकतं. म्हणून 30 बाइट पूर्ण भरलेल्या सगळ्या ओळींची यादी काढा.

आणि छपाईच्या मजकुराच्या फायली रूपांतरात घेऊ नका. डॉसच्या चौकटीतली आडवी रेघ सी4 आहे, इस्कीत तोच 'द'. उभी रेघ बी3, तोच 'क'. पानभर 'दददददद' येतं.

किर्द_खतावणी

डिलीटेड 2,631 निघाले. सात उरले. आणि तारखेचं कुणी बोललं नाही.

पैपैचा_हिशेब

सातांसाठी रूपांतराची नाकारलेल्या ओळींची फाईल बघा. तारखेच्या जागी आठ स्पेस असतील. फॉक्सप्रोला रिकामी तारीख चालते, नव्या टेबलात तारीख सक्तीची असेल तर ओळ बाहेर. खरी तारीख शेजारच्या ओळींवरून कळते, कारण नोंदी टाकलेल्या क्रमानेच साठतात. फक्त तुमचं पॅकेज डिलीट झालेल्या ओळींची जागा पुन्हा वापरत नाही ना, ते बघा. वापरत असेल तर शेजार फसवा, व्हाउचर क्रमांकावर जा.

1 एप्रिल मला पटत नाही. 31 मार्चचं व्याज, तरतुदी आणि ऑडिटरच्या दुरुस्त्या मागाहून येत राहतात. त्या जुन्यात टाकायच्या की नव्यात, हा घोळ दोन महिने चालतो. 1 जुलै घ्या. तिमाही संपते, तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी) हातात असते.

डीबीएफ_जुनाट

इथे माझं मत वेगळं. 1 जुलै घेतला तर एकाच आर्थिक वर्षाचा जमाखर्च दोन सॉफ्टवेअरमध्ये वाटला जातो आणि मार्चचा ताळेबंद जोडून काढावा लागतो. 1 एप्रिलच घ्या, पण मार्चच्या दुरुस्त्यांसाठी जुनं एकाच मशीनवर, एकाच माणसाकडे चालू ठेवा. प्रत्येक दुरुस्ती नव्यात सुरुवातीच्या बाकीतला फरक म्हणून जाईल. जानेवारी ते मार्च दोन्हीकडे एंट्री करा आणि रोज संध्याकाळी किर्दीची रोख शिल्लक जुळवा. तीन महिने दुहेरी टायपिंग जड जातं. काउंटर दोनच असतील तर एक महिना करा, पण तो मार्च असू द्या, कारण मार्चमध्येच सगळ्या प्रकारचे व्यवहार येतात.

बदलाच्या दिवशीचा खरा धोका पिग्मी एजंटचा. आदल्या सकाळी त्याच्या हातातल्या मशीनमध्ये जुनी यादी भरलेली असते आणि संध्याकाळचा भरणा जुन्या क्रमांकांवर येतो. नव्यात 'जुना खाते क्रमांक' हे फील्ड ठेवा, त्यावर शोध चालू द्या. पासबुकांवरही तोच छापलेला आहे.

काउंटरवरच्यांना टायपिंग पुन्हा शिकवायला नको. जिस्टवर इनस्क्रिप्ट (कीबोर्डची मांडणी) वापरत असतील तर विंडोजचा मराठी कीबोर्डही तोच. शिकवायचं ते इतकंच की एंटरने पुढच्या रकान्यात जाता येत नाही, टॅब लागतो. शक्य असेल तर सॉफ्टवेअरवाल्याकडून एंटरच करून घ्या, नाहीतर पहिल्या आठवड्यात अर्धवट व्हाउचर सेव्ह होत राहतील.

बदलानंतर काउंटरच्या मशीनवरून जुन्या पॅकेजचा आयकॉन काढा. नुसतं सांगून भागत नाही, गर्दीच्या वेळी कुणीतरी सवयीने जुन्यातच पावती काढतो. जुना डेटा बघण्यासाठी डॉसबॉक्समध्ये चालवता येईल, पण तिथे जिस्ट कार्ड नाही, नावं चिन्हांसारखी दिसतील. म्हणून कार्डवालं मशीन जिवंत आहे तोवर सगळ्या वर्षांची खतावणी कागदावर काढून घ्या.

किर्द_खतावणी

सातही ओळी रिकाम्या तारखेच्या निघाल्या. पॅकेज डिलीट झालेली जागा पुन्हा वापरतं, त्यामुळे पाचच्या तारखा व्हाउचरवरून लावल्या. दोनची व्हाउचर नाहीत. त्या ऑडिटरच्या सहीच्या यादीत टाकतो आहे.