मदत हवी आहे: जुन्या कचरा डंपजवळच्या विहिरींचं पाणी, मॉनिटरिंग बोअर किती खोल?

गोव्यात बार्देशातला आमचा वाडा एका बंद झालेल्या कचरा डंपच्या उताराखाली आहे. वरचा कचरा बायोमायनिंग करून (म्हणजे जुना कचरा खणून, वेगळा करून) उचलला पण जमिनीत मुरलेलं लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी, तसंच आहे, आणि इथे सगळा जांभा, भेगा नि पोकळ्यांतून पाणी कुठून कुठे जातं ते वरून कळतच नाही.

एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून तीन विहिरींची टेस्ट केली. डंपच्या वरच्या अंगाची ठीक आहे, खालच्या दोन्हींत क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर, अमोनिया ०.५ च्या वर, लोह नि मँगनीजही जास्त. नायट्रेट मात्र कमी, म्हणजे ऑक्सिजन संपलेलं पाणी असावं असं मला वाटतं. समुद्र, खाडी लांब आहे त्यामुळे खारं पाणी शिरलं असं नाही, आणि सेप्टिक टँकही विहिरींच्या जवळ नाहीत. प्यायला नळाचं पाणी आहे, पण बागायतीला विहिरीचंच लागतं, आरओ लावा हा उपाय इथे चालत नाही. क्लोरीन टाकून पाहिलं, फरक शून्य.

पंचायत मॉनिटरिंग बोअर (भूजलाचे नमुने तपासत राहण्यासाठीचे) मारायला तयार आहे, पैसे तीन बोअरपुरतेच. जांभ्याखाली शेडी मातीचा (मऊ चिकणमातीसारखा) थर लागतो, तो फोडला तर घाण आणखी खाली जाईल ही मुख्य भीती. तर बोअर त्या थराच्या वरच थांबवायचे की एक तरी खालच्या खडकापर्यंत न्यायचा, आणि न्यायचा तर वरचा भाग केसिंग नि बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या मातीने) सील करणं पुरेसं होतं का? जांभ्यात असं काम केलेलं कोणी आहे का इथे?