वाट्याला आलेले गोड : मराठवाड्यातील बालपणीच्या खाऊच्या आठवणी

बालाघाटकर
परवा भाचीने जेवणात गुळवणी-शेवया वाढल्या आणि आमच्या बीडच्या वाड्यातील वैशाखाची सकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली. बाजेला तिरपा टेकवलेला खाचांचा पाट, त्यावर तळहाताने कणकेचा गोळा रेटणारी आजी, आणि खाली लोंबणाऱ्या तारा अलगद झेलून काठीवर वाळत टाकणारी आम्ही लेकरे, असा तो कारखाना उन्हे तापेपर्यंत चालत असे. त्यासाठी बन्सी गहू मुद्दाम राखून ठेवलेला असे. तार तुटली की आजी वर न पाहताच विचारी, "कोणाच्या हातची गेली रे?" अवचित पाहुणा आला की या शेवया उकळून त्यावर गुळवणी आणि तूप घातले जाई; मात्र पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत आम्हांला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवत असत. आपल्याकडे गोड कोणत्या निमित्ताने होत असे आणि त्याचे वाटे कोण करत असे, हे सर्वांनी अवश्य लिहावे.

मांजराकाठ
येळवशीचे, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावास्येच्या सणाचे, नाव अजून कोणीच घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. मार्गशीर्ष अमावास्येला आमचे अर्धे लातूर शेतात असते. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पाच पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले दगड, आणि त्यांच्यापुढे भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील व गव्हाची खीर असा नैवेद्य. माझी आई भज्जीसाठी ओली तूर, हरभरा, वाटाणा, गाजर, मेथी असे रानात आणि बाजारात मिळेल ते सर्व बेसनात शिजवत असे. खीर मात्र आदल्या रात्रीच चुलीवर चढे. गहू भिजवून, कांडून, गुळात इतका वेळ आटवत की सकाळी पळी उभी राहावी. वाटप चुलते करत आणि ज्याने कोप बांधायला पेंढ्या वाहिल्या त्यालाच दुसऱ्यांदा खीर मिळे. त्या लोभाने मी माझ्या उंचीपेक्षा मोठी पेंढी ओढत नेल्याचे आठवते.

पूर्णेकाठची
आमच्या परभणीच्या घरी येळवस नव्हती, त्यामुळे वाचून नुसता हेवा वाटला. बालाघाटकर काका, गुळवणीत दूध केव्हा घालावे? माझे प्रत्येक वेळी फाटते.

बालाघाटकर
ताई, गुळाचे पाणी पूर्ण निवल्यावरच घालावे. वेलदोडा आधी.

जुना मुकादम
तुम्हां मंडळींचा गूळ-तुपाचा काळ वाचला. माझी आठवण १९७२ च्या दुष्काळाची आहे. वडील खडी फोडण्याच्या कामावर होते, आणि घरी अमेरिकेहून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीची भाकरी होई, जी तव्यावर टाकताना हमखास मोडे. कामावर सुकडी मिळत असे. आई आपल्या वाट्याची सुकडी न खाता पदराच्या गाठीत बांधून आणी आणि दिवेलागणीला ती गाठ सोडी. गाठ घट्ट बसलेली असल्याने ती दातांनी सोडावी लागे, आणि तेवढा वेळही आम्हां भावंडांना धीर धरवत नसे. कोरडे, भुरभुरीत, गोडसर असे ते पीठ तळहातावर घेऊन आम्ही जिभेच्या टोकाने टिपत असू. पुढे नोकरीत असताना कुंथलगिरीचे पेढे डब्याने घरी आणले, आवडीने खाल्लेही. पण आईने स्वतःसाठी कधी ठेवले नाहीत, ती खोड तिला त्याच वर्षी लागली असावी, असा माझा तर्क आहे.

मांजराकाठ
मुकादम काका, माझ्या आजोबांनीही मिलोची भाकरी मोडण्याचे असेच वर्णन केले होते. त्या कामांवरच्या आणखी आठवणी असतील तर सवडीने जरूर लिहा.

सातवी ब
शाळेतील खाऊच्या बाबतीत आपण मराठवाड्याची मुले उर्वरित महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत होतो, हे नोंदवून ठेवतो. त्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट एवढेच झेंडे. आपल्याला मात्र १७ सप्टेंबरचाही. निजामाचे राज्य भारतात विलीन व्हायला १९४८ चा सप्टेंबर उजाडला, याचे महत्त्व गुरुजी तळमळीने सांगत आणि आमचे सर्व लक्ष बुंदीच्या टोपल्याकडे असे. वहीच्या फाडलेल्या पानावर बुंदी मिळे आणि पाकाने निळी शाई बुंदीला लागे. आम्ही ती शाईसकट खात असू.

गोदावरीची लेक
नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील कडा प्रसाद कोणी खाल्ला आहे? कणीक, तूप आणि साखर समसमान. ओंजळ पुढे करावी लागे आणि तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे. आमच्या गल्लीत ईदच्या दिवशी शेजारच्या खाला शीरखुर्म्याचे पातेले पाठवत असत. आईच्या शिस्तीत आलेले भांडे रिकामे परत जात नसे, म्हणून ते धुऊन त्यात करंज्या भरल्या जात. पण दिवाळीच्या आत ईद आली, तर घरात काय शिल्लक आहे यावर आईची जी धांदल उडे, ती पाहण्यासारखी असे. एका वर्षी तिने शेंगदाण्याचे लाडू घाईने वळले आणि पुढील ईदेला खालांनी त्याच लाडवांची फर्माईश केली.

सायकलस्वार
गारीगारवाल्याला भंगार दिले की गारीगार मिळे, एवढेच सांगतो. थोरल्या बंधूंनी वडिलांच्या चालू सायकलची घंटी दिली होती. घरात हा विषय आजही निघतो.

सातवी ब
घंटीला किती गारीगार मिळाले, हे महत्त्वाचे आहे.

सायकलस्वार
ते बंधूंनी आजतागायत सांगितलेले नाही. मला अर्धेच मिळाले होते.

पूर्णेकाठची
माहूरला रेणुकामातेचा कुटलेला तांबूल मिळे, तो खाऊत धरावा की प्रसादात, असा प्रश्न पडला आहे. आम्ही बहिणी गड उतरेपर्यंत कोणाची जीभ अधिक लाल झाली, हे एकमेकींना दाखवत असू. मांजराकाठ दादा, यंदा येळवशीला आम्ही आलो तर चालेल का?

मांजराकाठ
अवश्य या, ताई. मुक्काम आदल्या रात्रीचा करा, म्हणजे पहाटे खीर ढवळायला माणूस मिळेल. कडब्याच्या पेंढ्या मुलांसाठी राखून ठेवतो.